प्रॉक्सीला नाव सांगायचं की नंबर? एका बाइटवर अडलेली गोष्ट

ऑक्टोबर २०२३च्या पहिल्या आठवड्यात जगभरातल्या सिस्टीम अ‍ॅडमिन मंडळींची झोप उडाली होती. ‘कर्ल’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक गंभीर त्रुटी सापडली असून तिचा तपशील ११ ऑक्टोबरला जाहीर होईल, असं कर्लचे मुख्य विकासक, स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी सांगितलं होतं. कर्लमधली ही बऱ्याच काळातली सर्वांत वाईट त्रुटी असावी, असंही त्यांनी म्हटलं होतं.

कर्लचं नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण ते तुमच्या आसपास नक्की असतं. इंटरनेटवरून माहिती आणणं आणि पाठवणं एवढंच त्याचं काम. मोबाइल, टीव्ही, गाड्या, राउटर, सर्व्हर अशा अब्जावधी उपकरणांमध्ये ते कुठे ना कुठे बसवलेलं आहे.

११ ऑक्टोबरला तपशील आला. त्रुटी होती सॉक्स५ नावाच्या प्रोटोकॉलशी बोलणाऱ्या भागात. आणखी नेमकं सांगायचं, तर ‘मला या पत्त्यावर जोडून दे’ असं प्रॉक्सीला सांगताना पत्ता कोणत्या प्रकारे सांगायचा, हे ठरवणाऱ्या भागात.

पत्ता सांगण्यात असं काय अवघड आहे? त्यासाठी आधी प्रॉक्सीचं काम समजून घेऊ.

रिक्षावाला आणि पानटपरी

नेहमी तुमचा फोन किंवा लॅपटॉप थेट वेबसाइटच्या सर्व्हरशी जोडला जातो. मध्ये प्रॉक्सी असेल, तर तो आधी प्रॉक्सीशी जोडला जातो आणि म्हणतो, ‘मला अमुक ठिकाणी जायचंय, तिथपर्यंत जोडणी करून दे.’ प्रॉक्सी तिकडे जोडणी करतो आणि दोन्ही बाजूंची माहिती इकडून तिकडे पोचवत राहतो. वेबसाइटला दिसतो तो प्रॉक्सीचा पत्ता, तुमचा नाही. ऑफिसच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये घरून शिरायला, सेन्सॉरशिप असलेल्या देशात अडवलेल्या साइट पाहायला किंवा स्वतःची ओळख झाकायला लोक असे प्रॉक्सी वापरतात.

प्रॉक्सी म्हणजे रिक्षावाला समजा. त्याला ‘तुळशीबाग’ म्हणता येतं. किंवा नकाशावरचे अक्षांश-रेखांश सांगता येतात. इंटरनेटवरही असंच आहे. वेबसाइटला एक नाव असतं, ज्याला डोमेन म्हणतात, आणि एक आकडी पत्ता असतो, ज्याला आयपी पत्ता म्हणतात. नावावरून आकडा शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस.

आता समजा, तुम्ही रिक्षात बसण्याआधी कोपऱ्यावरच्या पानटपरीवर विचारलंत, ‘तुळशीबागेचे अक्षांश-रेखांश काय हो?’ आणि मग रिक्षावाल्याला फक्त आकडे सांगितलेत. पोचाल तुम्ही तुळशीबागेतच. पण आता टपरीवाल्यालाही कळलेलं आहे की तुम्ही कुठे निघालात. आणि टपरीवाला म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

इंटरनेटवर हा टपरीवाला म्हणजे बहुतेक वेळा तुमची इंटरनेट कंपनी किंवा कॉलेज-ऑफिसचं नेटवर्क. तुमच्या यंत्रानं डीएनएसला विचारलेला प्रश्न साधा, कुलूप नसलेला असेल, तर तो वाटेत कुणालाही वाचता येतो.

म्हणजे प्रॉक्सीला नाव सांगितलं की आकडा, यावरून ‘पत्ता कुणी शोधायचा’ हे ठरतं. आणि पत्ता जो शोधतो, तो ज्याला विचारतो, त्याला तुमचं गंतव्य कळतं.

एक निरोप, बाइट-बाइट करून

सॉक्स५मध्ये हा निर्णय एका बाइटमध्ये लिहिला जातो. बाइट म्हणजे ० ते २५५ यांपैकी एक आकडा मावेल एवढी जागा.

सुरुवातीची ओळखपाळख झाली की तुमचं यंत्र प्रॉक्सीला एक छोटा निरोप पाठवतं. पहिला बाइट आवृत्तीचा: ५. दुसरा कामाचा: १ म्हणजे ‘जोडून दे’. तिसरा राखीव, तिथे ० लिहायचं. चौथा बाइट आपल्या गोष्टीचा नायक. पत्त्याचा प्रकार.

तिथे १ असेल, तर पुढचे ४ बाइट म्हणजे आयपीव्ही४ पत्ता, तोच जुना चार आकड्यांचा. ४ असेल, तर पुढचे १६ बाइट म्हणजे नवा, लांबलचक आयपीव्ही६ पत्ता. आणि ३ असेल, तर पुढे नाव येतं. (२ कुठे गेला? सॉक्स५च्या यादीत २ नाहीच. १, ३ आणि ४, एवढेच प्रकार.) शेवटी दोन बाइट पोर्टचे, म्हणजे त्या सर्व्हरचं कोणतं दार ठोठवायचं त्याचा क्रमांक. सुरक्षित वेबसाइटसाठी हे दार ४४३. एका बाइटमध्ये ४४३ मावत नाही, म्हणून ते १ आणि १८७ असं दोन बाइटमध्ये लिहितात: एक गुणिले २५६ अधिक १८७.

प्रकार आधी सांगण्याचं कारण साधं आहे. वाचणाऱ्याला पत्ता कुठे संपतो हे कळायला हवं. आयपीव्ही४ नेहमी ४ बाइटचा, आयपीव्ही६ नेहमी १६ बाइटचा. त्यांची लांबी वेगळी सांगायची गरज नाही. नावाचं तसं नाही. कुणाचं नाव चार अक्षरी, कुणाचं चाळीस. म्हणून नावाच्या आधी आणखी एक बाइट येतो, त्यात लांबी लिहिलेली असते. ‘एक्झाम्पल.कॉम’ रोमन लिपीत टिंबासकट ११ अक्षरांचं आहे. म्हणून आधी ११, मग ती ११ अक्षरं.

अख्खा निरोप मोजला, तर आयपीव्ही४साठी १० बाइट, आयपीव्ही६साठी २२ आणि एक्झाम्पल.कॉमसाठी १८.

प्रॉक्सीचं उत्तरही याच घडणीचं असतं: आवृत्ती, निकाल, राखीव ०, मग पुन्हा पत्त्याचा प्रकार, पत्ता आणि पोर्ट. इथे नवशिके प्रोग्रामर हमखास आपटतात. उत्तर नेहमी १० बाइटचंच येणार, असं धरून ते कोड लिहितात, कारण बरेच प्रॉक्सी तिथे चार शून्यांचा आयपीव्ही४ पत्ता टाकून मोकळे होतात. एक दिवस एखादा प्रॉक्सी आयपीव्ही६ पत्ता देतो. कोड ४ बाइट पत्त्याचे आणि २ पोर्टचे वाचून थांबतो आणि उरलेले १२ बाइट वेबसाइटकडून आलेली माहिती समजून पुढे ढकलतो. मग वेबसाइट ‘कधी कधीच’ का उघडत नाही, हे शोधण्यात दोन दिवस जातात.

आधी नावाला जागाच नव्हती

सॉक्सचा जन्म १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचा. एमआयपीएस कॉम्प्युटर सिस्टिम्स या अमेरिकी कंपनीत सिस्टीम अ‍ॅडमिन असलेल्या डेव्हिड कोब्लास यांनी तो तयार केला आणि १९९२मध्ये यूसनिक्सच्या सुरक्षाविषयक परिषदेत तो जगापुढे आला. कंपन्या तेव्हा नुकत्याच फायरवॉल उभारू लागल्या होत्या. आतल्या यंत्रांना बाहेर जायला एकच राखलेलं दार हवं होतं.

पुढे एनईसी कंपनीतल्या यिंग-दा ली यांनी त्याची चौथी आवृत्ती केली. सॉक्स४च्या निरोपात पत्त्यासाठी बरोबर ४ बाइटची जागा होती. प्रकार नाही, लांबी नाही. पत्ता म्हणजे आयपीव्ही४, विषय संपला.

पण फायरवॉलच्या आतल्या अनेक यंत्रांना बाहेरच्या जगाचं डीएनएसच उपलब्ध नसायचं. नाव माहीत आहे, आकडा शोधायची सोय नाही आणि प्रॉक्सीला तर आकडाच हवा. म्हणजे रिक्षावाला अक्षांश-रेखांशाशिवाय हलत नाही आणि गावात नकाशाच नाही.

यावर निघालेला तोडगा अस्सल जुगाड आहे. त्याचं नाव सॉक्स४ए. निरोपाची रचना न बदलता पत्त्याच्या चार खान्यांत ०.०.०. आणि शेवटी शून्य सोडून कोणताही आकडा लिहायचा, उदाहरणार्थ ०.०.०.१. असा पत्ता खऱ्या सर्व्हरचा असूच शकत नाही. त्यामुळे प्रॉक्सीला कळतं की हा पत्ता नाही, ही खूण आहे, खरं नाव निरोपाच्या शेवटी जोडलेलं आहे. अडचण एवढीच की सॉक्स४ए न समजणारा जुना प्रॉक्सी ही खूण खरी मानतो आणि ०.०.०.१ला जोडायला जातो. शिवाय आयपीव्ही६ला यात जागा नाहीच.

मार्च १९९६मध्ये आरएफसी १९२८ या दस्तऐवजातून सॉक्स५ आला. ‘आरएफसी’ म्हणजे इंटरनेटचे नियम ज्या दस्तऐवजांत लिहिले जातात ती मालिका. त्याच्या काही महिनेच आधी, डिसेंबर १९९५मध्ये, आयपीव्ही६ची पहिली नियमावली प्रसिद्ध झाली होती. जगात आयपीव्ही६ वापरणारं जवळपास कुणी नसताना सॉक्स५नं त्याच्यासाठी ४ हा आकडा राखून ठेवला. चोरखुणा सोडून चक्क एक बाइट खर्च केला, म्हणून हे जमलं. आज भारतात मोबाइल इंटरनेटवर आयपीव्ही६ सर्रास वापरलं जातं. त्या एका बाइटमुळे तीस वर्षं जुना प्रोटोकॉल अजून चालतोय.

नाव पाठवलं तर काय फरक पडतो?

खासगीपणाचं कारण वर आलंच. पण तेवढंच नाही.

समजा, तुम्ही पुण्यात आहात आणि प्रॉक्सी जर्मनीत आहे. मोठ्या वेबसाइट डीएनएसमधून प्रत्येकाला त्याच्या जवळच्या सर्व्हरचा आकडा देतात. तुमच्या लॅपटॉपनं पुण्यातच आकडा शोधला, तर तो मुंबईच्या सर्व्हरचा मिळू शकतो. तो प्रकार १मध्ये टाकून प्रॉक्सीला दिला की जोडणी पुण्याहून जर्मनीला आणि जर्मनीहून परत मुंबईला. नाव पाठवलं असतं, तर जर्मनीतल्या प्रॉक्सीनं जर्मनीजवळचा सर्व्हर शोधला असता.

किंवा ऑफिसचं उदाहरण घ्या. कंपनीच्या आतल्या यंत्रांची नावं बाहेरच्या डीएनएसला ठाऊकच नसतात. घरून काम करणारी व्यक्ती एसएसएचच्या ‘डायनॅमिक फॉरवर्डिंग’नं स्वतःच्या लॅपटॉपवर सॉक्स प्रॉक्सी उघडते, ब्राउझर त्याला जोडते आणि तरी ऑफिसची साइट उघडत नाही. कारण ब्राउझर ते नाव घरच्या वायफायवर शोधत बसलेला असतो.

आयपी आवृत्तीचाही प्रश्न येतो. तुम्ही प्रकार ४ पाठवलात आणि प्रॉक्सीला आयपीव्ही६ येत नसेल, तर तो निकालात ८ लिहून परत पाठवू शकतो. सॉक्स५मध्ये ८चा अर्थच ‘हा पत्त्याचा प्रकार मला चालत नाही’ असा आहे. नाव दिलं असतं, तर त्यानं त्याला जमेल तो आकडा स्वतः शोधला असता.

सगळ्यांत टोकाचं उदाहरण टॉरचं. ओळख लपवण्यासाठी पत्रकार, कार्यकर्ते, खबर फोडणारे कर्मचारी टॉर नेटवर्क वापरतात. ब्राउझर किंवा इतर अ‍ॅप टॉरशी सॉक्समधूनच बोलतं. टॉरवर ‘.ओनियन’नं संपणाऱ्या साइट असतात. त्यांना आयपी पत्ता नसतोच. त्यांचं नाव हाच पत्ता: रोमन अक्षरं आणि आकडे मिळून ५६ चिन्हं, पुढे ‘.ओनियन’, एकूण ६२. अशा साइटसाठी प्रकार १ आणि ४ निरुपयोगी. फक्त ३.

आता एखादं अ‍ॅप चुकून हे ओनियन नाव आधी साध्या डीएनएसला विचारतं, असं समजा. आकडा मिळणार नाही. पण तोवर तुमच्या इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरवर तो प्रश्न पोचलेला असतो. ज्या साइटचं नावही कुणाला कळू नये म्हणून एवढा खटाटोप केला, तिचं पूर्ण ६२ अक्षरी नाव. ही गळती इतकी नेहमीची आहे की टॉरमध्ये त्यासाठी खास इशारा आहे. अ‍ॅपनं नुसता आकडा पाठवला, तर टॉर नोंदीत लिहितो की हे अ‍ॅप बहुधा स्वतः डीएनएसला विचारत असावं आणि त्यातून माहिती फुटू शकते. ‘सेफसॉक्स’ ही सेटिंग चालू केली, तर तो अशी जोडणी करायलाच नकार देतो.

एकच शब्द, दोन अर्थ

इथे सर्वसामान्य वापरकर्त्याची खरी गोची होते. सॉक्स५मध्ये नाव पाठवायची सोय आहे, याचा अर्थ तुमचं अ‍ॅप ते पाठवतंच असं नाही. दस्तऐवज फक्त तीन प्रकार देतो. कोणता वापरायचा हे अ‍ॅपवर.

कर्लला प्रॉक्सीचा पत्ता ‘सॉक्स५’ या उपसर्गानं दिला, तर ते नाव स्वतः शोधतं आणि प्रॉक्सीला आकडा देतं. नाव प्रॉक्सीनं शोधावं असं वाटत असेल, तर शेवटी एक ‘एच’ जोडून ‘सॉक्स५एच’ लिहावं लागतं. क्रोमियममध्ये, म्हणजे क्रोम ब्राउझर ज्यावर उभा आहे त्यात, साधं ‘सॉक्स५’ लिहिलं तरी नाव प्रॉक्सीकडेच जातं. म्हणजे तोच शब्द एका ठिकाणी एक सांगतो आणि दुसरीकडे नेमकं उलट. फायरफॉक्सनं यासाठी सेटिंगमध्ये वेगळा चौकोन ठेवलाय: सॉक्स५ वापरताना डीएनएसही प्रॉक्सीतून पाठवायचं का?

‘एच’ राहिला म्हणून काही बिघडलेलं दिसत नाही, हे यातलं सर्वांत वाईट. साइट उघडते. आपला आयपी काय दिसतो ते तपासलं, तर प्रॉक्सीचाच दिसतो. वापरणाऱ्याला वाटतं, झालं काम. टपरीवाला मात्र सगळं लिहून घेत असतो.

बाकीचे प्रोटोकॉल काय करतात?

सगळ्यांनी प्रकाराचा बाइट ठेवलेला नाही. एसएसएचमधून जोडणी पुढे पाठवताना पत्ता नुसता मजकूर म्हणून जातो. त्यात नाव असो की आकडा, ओळखायचं पलीकडच्यानं. तिथे लांबी लिहायला एक नाही, चार बाइट असतात. एचटीटीपी प्रॉक्सीचंही तसंच, मजकूर आणि पुढे पोर्ट. तिथे आयपीव्ही६ला चौकटी कंस घालावे लागतात, कारण त्या पत्त्यात आधीच अपूर्णविराम असतात आणि पोर्टच्या आधीही अपूर्णविरामच.

सेन्सॉरशिप चुकवण्यासाठी वापरला जाणारा शॅडोसॉक्स सॉक्स५चेच १, ३, ४ उचलतो. व्हीमेस नावाच्या दुसऱ्या प्रोटोकॉलनं मात्र १, २, ३ असे सलग आकडे घेतले: २ म्हणजे नाव, ३ म्हणजे आयपीव्ही६. त्यामुळे एकाचा कोड दुसऱ्यात तसाच चिकटवला, तर ‘नाव’ म्हणून पाठवलेलं पलीकडे ‘आयपीव्ही६’ म्हणून वाचलं जातं.

प्रॉक्सी चालवणाऱ्यांची डोकेदुखी वेगळी. समजा, प्रॉक्सीच्या स्वतःच्या यंत्रावर बाहेरून कुणी येऊ नये म्हणून त्यांनी १२७.०.०.१ हा ‘स्वतःचा’ आयपीव्ही४ पत्ता अडवला. पण तपासणी फक्त प्रकार १साठीच लिहिली. मग कुणीतरी प्रकार ३मध्ये ‘लोकलहोस्ट’ हे नाव पाठवतो. किंवा प्रकार ४मध्ये तोच आयपीव्ही४ पत्ता आयपीव्ही६च्या वेष्टनात गुंडाळून पाठवतो. ठिकाण तेच, वेश वेगळा. तपासणी करायची, तर नाव सोडवून झाल्यावर, प्रत्यक्ष ज्या आकड्याला जोडणार आहोत त्याची करावी लागते.

मग कर्लमध्ये नेमकं काय झालं?

आठवा, प्रकार ३मध्ये नावाची लांबी एकाच बाइटमध्ये लिहायची असते. एका बाइटमध्ये सर्वांत मोठा आकडा मावतो २५५. म्हणजे सॉक्स५मधून २५५ बाइटपेक्षा लांब नाव पाठवताच येत नाही.

एरवी हे पुरेसं आहे. डीएनएसची स्वतःची मर्यादाही २५५ बाइटच आहे, त्यामुळे खरं नाव यापेक्षा लांब असत नाही. मराठी वाचकांना देवनागरी नावांची शंका येईल. ‘.भारत’ हा देवनागरी विभाग २०१४मध्ये सुरू झाला, त्यात मराठीतून डोमेन घेता येतं. पण डीएनएसपर्यंत देवनागरी अक्षरं जात नाहीत. ‘भारत’चं आधी ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असं ११ रोमन चिन्हांचं रूप होतं आणि तेच पुढे जातं. त्यामुळे तिथेही मर्यादा तीच राहते.

खोटं नाव मात्र कितीही लांब असू शकतं. एखादी दुष्ट वेबसाइट ‘इकडे नाही, तिकडे जा’ असं सांगून हजारो अक्षरांचं नाव देऊ शकते. कर्लनं हे गृहीत धरलं होतं. नाव २५५पेक्षा लांब असेल, तर प्रॉक्सीला नाव पाठवायचं नाही, आपणच आकडा शोधायचा आणि तो पाठवायचा, अशी पळवाट कोडमध्ये होती.

या पळवाटेत दोन दोष होते. एक तांत्रिक आणि दुसरा त्याच्याही मुळाशी असलेला.

तांत्रिक दोष असा. २०२०मध्ये स्टेनबर्ग यांनी हा कोड नव्यानं लिहिला. प्रॉक्सीच्या उत्तराची वाट पाहत अडकून न राहता, तेवढ्या वेळात बाकीची कामं करून परत यायचं, अशी रचना केली. म्हणजे एकच फंक्शन पुन्हा पुन्हा बोलावलं जातं आणि दर वेळी थोडं पुढे सरकतं. ‘आकडा आपणच शोधायचा’ ही खूणगाठ पहिल्या फेरीत बांधली जायची. पण ती ज्या जागी लिहिली जायची ती जागा फंक्शन संपताच पुसली जाई. प्रॉक्सीचं उत्तर झटपट आलं, तर काम पहिल्याच फेरीत उरकायचं. उत्तर उशिरा आलं, तर फंक्शन दुसऱ्यांदा बोलावलं जायचं, खूणगाठ हरवलेली असायची आणि वापरकर्त्याच्या मूळ सूचनेनुसार कर्ल ते लांबलचक नाव प्रकार ३ म्हणून निरोपात भरायला घ्यायचं.

आता ३०० अक्षरांच्या नावाची लांबी एका बाइटमध्ये लिहायला गेलं, तर काय उरतं? ३०० वजा २५६, म्हणजे ४४. निरोपात लांबी ४४, पण स्मृतीत अक्षरं उतरवली जातात पूर्ण ३००. नाव कित्येक हजार अक्षरांचं असेल, तर ते निरोपासाठी राखलेल्या जागेबाहेर सांडतं आणि शेजारची माहिती पुसून तिच्या जागी बसतं. हल्लेखोराला नेमकं हेच हवं असतं, कारण काय सांडायचं ते त्याच्या हातात असतं. कर्लच्या ७.६९.०पासून ८.३.०पर्यंतच्या आवृत्त्यांत, म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक काळ, हे तसंच पडून होतं. शोधणाऱ्याला ४,६६० डॉलरचं बक्षीस मिळालं आणि त्रुटीला सीव्हीई-२०२३-३८५४५ हा क्रमांक.

दिलासा एवढाच होता की हल्ला घडायला बऱ्याच गोष्टी जुळून याव्या लागत. वापरणाऱ्यानं सॉक्स५ प्रॉक्सी लावलेला असायला हवा, तोही नाव पुढे पाठवण्याच्या पद्धतीनं. राखलेली जागा पुरेशी लहान हवी. आणि प्रॉक्सी थोडा सुस्त हवा, ही अट फार कठीण नाही.

दुसरा दोष बातम्यांमध्ये फारसा आला नाही, पण या विषयात तोच जास्त महत्त्वाचा. समजा, कोड बिनचूक असता. खूणगाठ शाबूत राहिली असती. तरी काय झालं असतं? वापरकर्त्यानं ‘एच’ लावून स्पष्ट सांगितलं होतं की नाव प्रॉक्सीनं शोधावं. आणि कर्लनं नाव लांब आहे म्हणून गुपचूप ते नाव स्थानिक डीएनएसला विचारलं असतं. म्हणजे कोणतीही दुष्ट वेबसाइट एक लांब नाव देऊन वापरकर्त्याला प्रॉक्सीच्या आडून बाहेर खेचू शकली असती. वापरणाऱ्यानं ३ सांगितलं, यंत्रानं परस्पर १ केला. स्टेनबर्ग यांनी नंतरच्या लेखात हेही मान्य केलं की ही पळवाट मुळात ठेवायलाच नको होती.

११ ऑक्टोबर २०२३ला आलेल्या ८.४.० आवृत्तीत ती काढून टाकली आहे. आता प्रॉक्सीला नाव पाठवायचं ठरलं असेल आणि ते २५५पेक्षा लांब निघालं, तर कर्ल दुसरा मार्ग शोधत नाही. नाव लांब आहे असं सांगतं आणि थांबतं.

तुम्ही काय तपासाल?

प्रॉक्सी वापरतच नसाल, तर उपकरणं आणि अ‍ॅप अद्ययावत ठेवणं पुरेसं आहे. सॉक्स प्रॉक्सी वापरत असाल, तर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये डीएनएसचा उल्लेख कुठे आहे ते पाहा. फायरफॉक्समध्ये तो चौकोन नेटवर्क सेटिंगच्या खिडकीत, तळाशी आहे. कर्ल किंवा पायथनच्या ‘रिक्वेस्ट्स’नं काही चालवत असाल, तर प्रॉक्सीच्या पत्त्यात ५नंतर ‘एच’ आहे ना, ते बघा. आणि टॉर वापरायचा असेल, तर रोजचा ब्राउझर त्याला जोडत बसू नका. टॉर ब्राउझरच घ्या, तो नाव प्रॉक्सीकडेच पाठवतो.